आत्याचा जादा रिमोट

आमच्या आत्याला कुणी नवीन माणूस भेटला की पाच मिनिटांत ती विचारते, "गाडी चालवतोस का?" हो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "शिकवली कुणी?" उत्तर काहीही येवो, तिचं मत एकच: चुकीची शिकवली. तेहतीस वर्षं तिने ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना गाडी शिकवली. शेजारच्या सीटवर बसायची, पायाखाली तिचा स्वतःचा वेगळा ब्रेक, मांडीवर वही, आणि आवाज असा की काचा बंद असल्या तरी चौकातला पोलीस वळून बघायचा. लायसन्सच्या परीक्षेआधी तिची स्वतःची एक परीक्षा असे. ती मागच्या सीटवर डोळे मिटून बसायची आणि शिकणाऱ्याला शहरभर फेरी मारायला लावायची. त्या फेरीत एकदा जरी तिला डोळे उघडावेसे वाटले, तर तो पठ्ठ्या आणखी महिनाभर शिकणार. मोठमोठे डॉक्टर, वकील तिच्यापुढे चळचळा कापायचे. मलाही तिनेच शिकवली. पन्नाशी उलटली तरी गाडी वळवताना तिचा आवाज माझ्या कानात येतो, आणि अजूनही मला तिचा राग येतो.

लग्न तिने केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "दिवसभर दुसऱ्याच्या हातातलं स्टिअरिंग सांभाळते, घरी येऊन पुन्हा तेच कशाला?" चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट, खाली बिल्डिंगच्या गॅरेजमध्ये तिची छोटी लाल गाडी, आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्या जुडग्यात घराची किल्ली, गाडीची किल्ली आणि गॅरेजच्या गेटचा रिमोट. एवढा तिचा संसार. पण काय थाटात केला बाईने!

अशी ही आत्या अडुसष्टाव्या वर्षी पडली. पडली तीही तिच्या पद्धतीने. फुटपाथवर उभी राहून एका स्कूटरवाल्याला "अरे, इंडिकेटर कोण देणार, तुझा बाप?" असं ओरडत होती, त्या भरात पाय फुटपाथखाली गेला. उजव्या मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली. डॉक्टरांनी सांगितलं, "आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला यायचं, मशीनवर व्यायाम करायचे. तीन महिन्यांनी मी बघणार. एक जिना चढता-उतरता आला आणि स्वतःचं स्वतः करता आलं, तर एकट्या राहा. नाही तर एकटं राहायचं नाव काढायचं नाही."

माझा मोठा भाऊ, दादा, तिथेच उभा होता. तो म्हणाला, "मग माझ्याकडे यायचं. ठरलं." दादा मनाचा लोण्यासारखा माणूस, पण एकदा ठरलं म्हणाला की ठरलं. घरी येताना गाडीत आत्या म्हणाली, "बये, तीन महिने हातात आहेत. मला माझ्या घरात मरायचंय, त्याच्या घरात नाही. त्याची बायको भात मऊ करते."

आता खरी अडचण ऐका. तिच्या बिल्डिंगच्या पुढच्या दाराला नऊ पायऱ्या. पहिल्यांदा दोघांनी तिला खुर्चीत बसवून उचलून नेलं, तेव्हा ती नऊच्या नऊ पायऱ्या त्या दोघांना उचलण्याची पद्धत शिकवत होती. वर आल्यावर म्हणाली, "पुन्हा नाही. मी काय कपाट आहे?" पायऱ्यांशिवायचा रस्ता एकच: लिफ्टने गॅरेजमध्ये उतरायचं आणि तिथून गाडीत बसायचं. पण गेट रिमोटवर चालतं, आणि फ्लॅटमागे रिमोट एकच. तो आत्याच्या कमरेला. तिची लाल गाडी खालीच होती, पण ती दुसऱ्या कुणाला चालवू देईल तर शपथ.

मी शाळेच्या ऑफिसात काम करते, दुपारी सुटते. सुटले की माझी गाडी घेऊन यायचं, बाहेर उभी करायला मनाई म्हणून तीन गल्ल्या सोडून लावायची, चालत येऊन चौथ्या मजल्यावर जायचं, आत्याला चाकाच्या खुर्चीत बसवून गॅरेजमध्ये आणायचं, तिला तिथे ठेवून पुन्हा गाडीकडे पळायचं, आणि मी हॉर्न वाजवला की तिने आतून गेट उघडायचं. गेट अर्ध्या मिनिटात आपोआप मिटतं. एकदा तिने घाई केली आणि ते माझ्या गाडीच्या नाकावर मिटलं. एकदा मी वाहतुकीत अडकले आणि ती पाऊण तास त्या गारठ्यात बसून राहिली. मी पोचले तेव्हा तिचे ओठ निळे पडलेले. तेवढ्यात एकाने तिला विचारलं होतं म्हणे, "आजी, तुम्हाला कुणी विसरून गेलं का?" झालं! बाईने दुसऱ्या दिवसापासून जाणं बंद केलं. एक आठवडा गेला, दुसरा गेला. पाय आखडायला लागला. माझ्या नाकी नऊ आले.

मधे तिने एक शोध लावला. रिमोट हनुवटीला लावून तोंड उघडून दाबला की लांबपर्यंत पोचतो, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. मी खाली गाडीत, आणि वर चौथ्या मजल्याच्या खिडकीत आत्या, हनुवटीला रिमोट, तोंड आ वासलेलं. गेट ढिम्म. समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंनी मला फोन करून विचारलं, "तुमच्या आत्यांचा दात दुखतोय का?"

शेवटी मी म्हटलं, "आत्या, तुझा रिमोट मला देऊन टाक. पाय बरा झाला की परत घे."

ती जुडगा मुठीत धरून म्हणाली, "आज रिमोट, उद्या गाडीची किल्ली, परवा घराची. मी ओळखते ही वाट. खालच्या मजल्यावरची ती मास्तरीण अशीच घर सोडून गेली. आधी तिच्या मुलीने 'नुसती ठेवते' म्हणून किल्ली घेतली होती."

"मी मुलगी नाही, भाची आहे!"

"मग तर बोलूच नकोस."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण बघितलं तर तिने जुडगा उशीखाली सारला होता. मग ठरवलं, जादा रिमोट मिळवायचा. तिचा तिच्याजवळ, माझा माझ्याजवळ.

रिमोट देण्याचा अधिकार बिल्डिंगच्या सेक्रेटरीचा. हा माणूस म्हणजे नियमांचा पुतळा. पूर्वी कुणीतरी जादा रिमोट पाहुण्यांना वाटले होते आणि गॅरेजमध्ये परक्या गाड्या येऊन बसायच्या, म्हणून त्याने नियम केला: जादा रिमोट हवा तर फ्लॅटमालकाने सहीचा अर्ज करायचा, कारण लिहायचं. आत्याने अर्ज केला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "हवाय." अर्ज परत आला. दुसऱ्यांदा लिहिलं, "पाय मोडलाय, हे तुला ठाऊक आहे." तोही परत आला, "अर्जातील भाषा सभ्य असावी" असा शेरा मारून.

"आत्या, अगं त्याला 'तुला' काय लिहितेस? तो सेक्रेटरी आहे!"

"असेल. माझ्याकडे शिकायला होता पंचविसाव्या वर्षी. सहा वेळा नापास. सातव्यांदा मीच कंटाळून पास करवला त्याला." मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "माणूस वाईट नाही गं. फक्त दाबलेलं सोडायचं असतं हे त्याला कळत नाही. क्लच दाबला की बसला. मी ओरडायची, पाय काढ, अरे पाय काढ! तो म्हणायचा, बाई, पक्कं होऊ दे."

आणि ते खरंच आहे. हा माणूस नळ इतका आवळून बंद करतो की वायसर तुटतो. लिफ्टचं बटण अंगठ्याने दाबून धरून उभा राहतो. तिसरा अर्ज मी लिहिला, शाळेच्या ऑफिसातल्या भाषेत, "कृपया" आणि "नम्र विनंती" पेरून. तो मंजूर झाला.

रविवारी सकाळी दहाला मी आणि सेक्रेटरी गॅरेजमध्ये. गेटच्या मोटरशेजारी भिंतीवर एक करडी पेटी असते, तिला रिसीव्हर म्हणतात. कुठला रिमोट आपला आणि कुठला परका, हे ती पेटी लक्षात ठेवते. नवा रिमोट आला की पेटीतलं बटण दाबायचं, दिवा लागला की रिमोट दोनदा दाबायचा, पेटीने त्याला ओळखलं. इतकं सोपं. सेक्रेटरी चष्मा लावून स्टुलावर चढला, सूचनांचा कागद दोनदा वाचला. मी आत्याला फोन लावून सांगितलं, "होतंच आहे, ऐक," आणि फोन तसाच चालू ठेवून खिशात टाकला.

त्याने बटण दाबलं. दिवा लागला.

"लागला, सोडा आता," मी म्हटलं.

"थांबा, पक्कं होऊ दे."

"अहो, सोडा!"

दिवा फडफडला आणि विझला. त्याने कागद उलटा केला. मागच्या बाजूला ठळक अक्षरांत लिहिलं होतं: बटण दहा सेकंद दाबून ठेवल्यास सर्व नोंदी पुसल्या जातील.

सर्व म्हणजे सर्व. अठ्ठावीस फ्लॅट, अठ्ठावीस रिमोट. ती पेटी आता कुणालाच ओळखत नव्हती. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर बाहेरून आला आणि गेटपाशी हॉर्न वाजवायला लागला. आतून एक बाई मुलीला पोहण्याच्या क्लासला सोडायला निघाल्या होत्या, त्याही अडकल्या. पाच मिनिटांत दहा माणसं जमली. गेट दुरुस्त करणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, बुधवारी येतो. सेक्रेटरी स्टुलावरच उभा, कागद पुन्हा पुन्हा उलटत. पावणेसहा फुटांचा माणूस, पण त्या क्षणी मला त्याची दया आली.

लोक काय, संधीच बघत असतात. "झेपत नाही तर हात कशाला घालता?" "राजीनामा द्या!" मग तिसऱ्या मजल्यावरचा बँकवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "एका म्हातारीच्या रिमोटपायी सगळ्यांचा खोळंबा! इतकं होत नसेल तर नातेवाइकांनी घेऊन जावं ना त्यांना आपल्याकडे."

मी तशी भांडकुदळ आहे, मान्य आहे. पण त्या दिवशी मी भांडले नाही, मी फुटलेच. "कुणाला घेऊन जावं? तुम्ही या बिल्डिंगीत यायच्या आधीपासून ती इथे आहे! दोन आठवडे ती घराबाहेर पडलेली नाही. पाय आखडत चाललाय. अजून दोन महिन्यांत जिना चढली नाही तर तिचं घर सुटणार आहे, कळतं का? आणि तुम्हाला पोहण्याच्या क्लासची पडलीय!" पोहण्याच्या क्लासवाल्या बाई बिचाऱ्या काहीच बोलल्या नव्हत्या, त्यांचीही मी हजेरी घेतली. नंतर माफी मागितली.

आणि मग लिफ्टचं दार उघडलं.

आत आत्या. वॉकर धरून, एकटी. अंगात घरातला गाऊन, पायात दोन वेगवेगळ्या चपला. ऑपरेशननंतर ती खोलीच्या बाहेर एकटी कधी आली नव्हती. मी धावले, तर तिने डोळ्यांनीच मला थांबवलं. फोन चालू होता ना खिशात. तिने अथपासून इतिपर्यंत सगळं ऐकलं होतं, बँकवाल्याचंही.

एकेक पाऊल टाकत ती पेटीपर्यंत आली. मग म्हणाली, "माझ्या विद्यार्थ्यावर कोण ओरडतंय? त्याच्यावर ओरडायचा हक्क माझा आहे."

सेक्रेटरीचे डोळे भरून आले. "बाई, चुकलं माझं."

"ते दिसतंय. रडू नकोस, स्टुलावरून पडशील. मला खुर्ची द्या कुणीतरी. आणि तुम्ही सगळे वर जा, आपापले रिमोट घेऊन या, फ्लॅटच्या नंबराप्रमाणे रांग लावा. बुधवारपर्यंत थांबायला आपण काय बावळट आहोत?"

तिनेच आठवण करून दिली तशी कुणीतरी मोटरची किल्ली शोधून आणली आणि गेट हाताने उघडलं, दातांचा डॉक्टर आत आला आणि तोही मुकाट्याने रांगेत उभा राहिला. आत्या खुर्चीत, सेक्रेटरी स्टुलावर, मी सूचनांचा कागद धरून. "दाब," आत्या म्हणायची. "सोड!" पहिल्या रिमोटला सेक्रेटरीचं बोट पुन्हा चिकटलं, तेव्हा ती सवयीने कडाडली, "पाय काढ!" आणि त्या गृहस्थाने खरोखर स्टुलावरचा एक पाय उचलला. दोघांनी त्याला धरलं म्हणून वाचला. सगळे हसले, तोही हसला, आणि मग त्याला जमायला लागलं. दाब, सोड, पुढचा. दाब, सोड, पुढचा.

बँकवाल्याचा नंबर आला. तो खाली मान घालून उभा होता. आत्याने त्याचा रिमोट हातात घेतला, उलटासुलटा बघितला आणि म्हणाली, "मी नातेवाइकांकडे गेले असते, तर आज तुझं गेट कोण उघडणार होतं?" तो म्हणाला, "सॉरी, आत्या." तिने रिमोट त्याला परत दिला आणि बॅटरी बदलायला सांगितली.

शेवटी तिचा रिमोट झाला, त्याच्यामागून माझा नवा. पाहिजे होता एक, त्यासाठी अख्ख्या बिल्डिंगचे शिकवावे लागले. दुसऱ्या दिवशी तिचा पाय हा एवढा सुजला, दोन दिवस बिछान्यातून हलली नाही. पण बुधवारी मी सरळ गाडी घेऊन गॅरेजमध्ये शिरले, लिफ्टच्या दारापाशी थांबले, आणि ती चार पावलं चालून गाडीत बसली. मला रडू आलं. ती म्हणाली, "आरसा नीट कर आधी."

पुढचे दोन महिने आम्ही एक दिवस चुकवला नाही. एक गंमत माझ्या तेव्हाच लक्षात आली. फिजिओथेरपीच्या खोलीत तिला पाय दाबायला सांगितलं की ती कुरकुरायची. आणि माझ्या शेजारी बसली की प्रत्येक चौकात, प्रत्येक सिग्नलला, तिचा उजवा पाय खालची चटई दाबायचा. नसलेला ब्रेक! जाऊन-येऊन दोन-तीनशे वेळा तरी होत असेल. फिजिओथेरपिस्टला सांगितलं तर ती हसून म्हणाली, "मग तुम्ही जरा वाईट चालवत जा." आत्या म्हणाली, "तिला ते वेगळं शिकवायला नको."

डॉक्टरांनी बोलावलं तेव्हा दादाही आला. आत्या काठी घेऊन उठली, जिन्यापाशी गेली आणि कठडा धरून चढली. एकेक पायरी. मी श्वास रोखून मोजत होते, आकडा चुकले. वर पोचून ती वळली आणि तशीच उतरली. डॉक्टर म्हणाले, "राहा तुमच्या घरात."

मी दादाकडे बघितलं आणि गलबलले. त्याचा चेहरा पडला होता. त्याने तिच्यासाठी खोली रंगवून ठेवली होती, खिडकीशी पलंग लावला होता. इतके दिवस मला वाटायचं तो कर्तव्य म्हणून बोलतोय. त्याला ती खरंच घरी हवी होती. आत्यानेही त्याचा चेहरा बघितला.

पंधरा दिवसांनी तिने आम्हा दोघांना गॅरेजमध्ये बोलावलं. स्वतःच्या लाल गाडीत ड्रायव्हरच्या जागी बसली होती, इंजिन बंद. दादाला शेजारी बसवलं, मला मागे. म्हणाली, "मी पाय ॲक्सिलरेटरवर ठेवते. तू मधेच ओरडायचं, 'थांब!' न सांगता. दहा वेळा."

दादा ओरडला. तिचा पाय उचलला आणि ब्रेकवर बसला. पुन्हा ओरडला, पुन्हा बसला. चौथ्या वेळी तिचा पाय ब्रेकच्या कडेला अडकला. मग सातव्या वेळी. मग दहाव्या.

"सात बरोबर आले की गं," दादा म्हणाला. "या वयात सात म्हणजे खूप झाले."

"उरलेल्या तिनांमध्ये रस्त्यावर कुणाचं तरी पोर असतं," ती म्हणाली.

तिने स्टिअरिंगवरून हात फिरवला. मग जुडगा काढला आणि रिमोटची कडी उघडायला लागली. कडी घट्ट होती, नखाने उघडेना. दादाने हात पुढे केला तशी म्हणाली, "थांब. माझं मी काढते." दोन-तीन मिनिटं लागली असतील. आम्ही दोघं नुसते बघत होतो. रिमोट निघाला, तिने तो दादाच्या तळहातावर ठेवला आणि त्याची मूठ मिटवली.

"आत्या, मी कधी मागितला का गं तुला?" दादा मूठ तशीच मिटलेली ठेवून म्हणाला.

"नाही मागितलास, म्हणून तर देतेय. येत जा. फोन करून विचारत बसू नकोस, सरळ आत ये."